बाळबोध

मराठीतील काही शब्दांना उतारवयात वाईट दिवस येतात. 'बाळबोध' हा त्यांपैकीच एक. आज एखाद्या घराला बाळबोध म्हटले की सोवळे-ओवळे, देवघर आणि तिन्हीसांजेला लागणारा दिवा डोळ्यांपुढे येतो. एखाद्या लेखाला बाळबोध म्हटले तर ती स्तुती नाही हे लेखकास लगेच कळते. वस्तुतः हे एका लिपीचे नाव आहे. आपण ज्या नागरी वळणात मराठी छापतो व वाचतो ती बाळबोध लिपी. तिची जोडीदारीण मोडी. कारकुनाने आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढावी, आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जावे. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता करू नये, शब्द कोठे संपला ते वाचणाऱ्याने ओळखून घ्यावे, असा मोडीचा खाक्या. हिशेब, पत्रे, सरकारी दप्तरे तिच्यात झाली. ग्रंथ मात्र बाळबोधीत लिहावयाचा, कारण तो पुढे कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसे. थोडक्यात सांगावयाचे तर मोडी ही लिहिणाऱ्याच्या सोयीची लिपी, आणि बाळबोध ही वाचणाऱ्याच्या सोयीची.

जुनी दप्तरे चाळणे हा माझा व्यवसाय नाही; मी महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवितो. तरीही हा भेद मला अलीकडे वारंवार आठवू लागला आहे, आणि त्याचे कारण मोबाइलच्या पडद्यावर भाषा शिकविणारे नवे धडे हे होय. या धड्यांचा आज सुकाळ आहे. लहान मुलांसाठी आहेत, प्रौढांसाठी आहेत, परप्रांतातून आलेल्यांसाठी आहेत, आणि परदेशी वाढणाऱ्या आपल्या नातवंडांसाठीही आहेत. त्यांतील मजकूर बहुधा जाणत्या शिक्षकांनी लिहिलेला असतो. पण तो मजकूर पडद्यावर कोणत्या अक्षरात, किती आकारात, कोणत्या चित्रासह आणि किती मोकळ्या जागेत मांडावा, हे ठरविणारा माणूस निराळा असतो; आणि कित्येकदा असे वाटते की या गृहस्थाने सगळे काही आपल्या सोयीने केले आहे. लिपी बाळबोध खरी, पण वृत्ती मोडीची.

पानाच्या मांडणीचा विचार ही कोणी पश्चिमेकडून आणलेली नवी कला आहे अशी पुष्कळांची समजूत असते. महाडात राहणाऱ्याला ती दूर करण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. वरंध घाटाच्या पायथ्याशी, गावापासून सुमारे तीस किलोमीटरवर, शिवथरची घळ आहे. दासबोध या घळीत रचला गेला असे परंपरा सांगते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ही जागा शोधून काढली, तेव्हापासून तेथे भाविकांची आणि सहलीस येणाऱ्यांची वर्दळ असते. पावसाळ्यात घळीच्या तोंडाशी धबधबा असा कोसळतो की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. अशा जागी बसून दोनशे समासांचा ग्रंथ सांगावयाचा आणि दुसऱ्याने तो उतरून घ्यावयाचा, हीच मुळी मोठी एकाग्रता. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास 'लेखनक्रियानिरूपण' या नावाचा आहे. परमार्थाच्या ग्रंथात अक्षर कसे काढावे याचा एक संपूर्ण समास असावा याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटते, ग्रंथकर्त्याला आपला वाचक दिसत होता.

त्या समासात काय काय आहे? अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. शाई काळीभोर असावी. काना, मात्रा, वेलांटी, रफार हे सारे आपापल्या ठिकाणी स्पष्ट दिसावे. पहिल्या अक्षराचे जे वळण तेच ग्रंथाच्या शेवटल्या अक्षरापर्यंत टिकावे, म्हणजे सगळा ग्रंथ एकाच टाकाने एका बैठकीत लिहिला असे वाटेल. ओळी आखून घ्याव्या, त्यांच्यातले अंतर सारखे असावे, आणि वरच्या ओळीचे लोंबणारे अवयव खालच्या ओळीच्या डोक्याला लागू नयेत. अक्षर फार बारीक काढण्याचा तरुणपणाचा हव्यास सोडावा. पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी आणि मजकूर मध्ये लिहावा, कारण कागद कडांनी झिजतो. झिजला तरी अक्षराला धक्का लागू नये. याशिवाय नाना देशांचे बोरू, नाना तऱ्हेचे कागद, शाई, हिंगूळ यांचा संग्रह कसा करावा तेही आहे. आजच्या एखाद्या कलाशाळेत अक्षरमांडणीचा वर्ग घ्यावयाचा झाल्यास आरंभीचे दोन-तीन तास या समासावर सहज निघतील. आणि गंमत अशी की, ग्रंथाच्या प्रकरणाला जो शब्द तोच पानाच्या मोकळ्या कडेलाही: समास.

परंतु हा समास आदराने वाचत असताना त्याचा प्रारंभ नजरेआड करता येत नाही. बाळबोध अक्षर घोटून सुंदर करण्याचा हा उपदेश ब्राह्मणाला उद्देशून केलेला आहे. तो काळच तसा होता, असे म्हणून पुढे जाता येईल. पण महाडात राहून तसे पुढे जाता येत नाही. कारण याच तालुक्याच्या गावी चवदार तळे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता; महाडच्या नगरपालिकेनेही पुढल्या वर्षी आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सर्व यथासांग झाले होते. तरी तळ्याच्या पायऱ्या उतरून ते पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला, डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह चालत जावे लागले, नंतर मार खावा लागला, आणि न्यायालयाचा अखेरचा निर्णय यावयास १९३७ साल उजाडले. त्या लढ्याची थोरवी आणि माझा हा लहानसा विषय यांची बरोबरी मी करीत नाही. पण त्यातून मिळालेला एक धडा येथेही लागू पडतो. खुले म्हटल्याने काही खुले होत नाही. एखादा धडा इंटरनेटवर ठेवला, तो फुकट आहे, कोणीही उघडावा, असे जाहीर केले, म्हणजे तो सर्वांचा झाला असे आपण समजतो. पायऱ्या उतरता येतात की नाही हे कोणी पाहावयाचे?

हे पाहण्याची संधी मला अनायासे मिळाली. आमच्या ओळखीच्या एका खाणावळीत स्वयंपाक करणाऱ्या एक बाई आहेत. वय पन्नाशीच्या आसपास, माहेर पोलादपूरच्या बाजूचे, डोंगरातले. शाळेची पायरी त्या चढल्या नव्हत्या. मुलगा मुंबईला नोकरीस. तो मोबाइलवर निरोप लिहून पाठवी आणि तो वाचून घेण्यासाठी त्यांना कोणा विद्यार्थ्यास गाठावे लागे. त्यांच्या बचत गटाने पैशांचा व्यवहार त्यांच्याकडे सोपविण्याचे ठरविले तेव्हा मात्र त्या बेचैन झाल्या. हिशेब तोंडी चोख. पण वहीत काय लिहिले आहे हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून त्याखाली अंगठा उठवावयाचा, हे त्यांना पटेना. म्हणून एका विद्यार्थ्याने त्यांच्या मोबाइलवर अक्षरओळखीचे धडे घालून दिले. ते कोणी तयार केले होते हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही; त्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही.

बाई अगदी निरक्षर होत्या असेही म्हणता येत नाही. गेली तीस-पस्तीस वर्षे त्या एसटीने माहेरी जात-येत होत्या, आणि एसटीची पाटी हे त्यांचे पहिले पुस्तक होते. स्थानकात उभ्या असलेल्या गाड्यांतून आपली गाडी त्या नेमकी ओळखत. 'महाड' आणि 'पोलादपूर' ही दोन नावे त्यांच्या डोळ्यांत रुजलेली होती. विचार करून पाहिले तर एखाद्या शिक्षणतज्ज्ञाने मुद्दाम निवडावे असे हे दोन शब्द आहेत. म, ह, ड, प, ल, द, र ही सात अक्षरे. काना दोन्ही शब्दांत. शिवाय पोलादपुरात ओकाराची मात्रा आणि दीर्घ उकार. पत्र्याच्या पाटीवर रंगाऱ्याने ठसठशीत, एकाच जाडीच्या रेघेने काढलेली ही अक्षरे, भोवती मोकळी जागा, आणि पाटी एका जागी स्थिर. लेखनक्रियानिरूपणातली बहुतेक कलमे त्या रंगाऱ्याने न वाचता पाळली होती. आता कित्येक गाड्यांवर विजेच्या ठिपक्यांच्या पाट्या आल्या आहेत आणि त्यांवरील अक्षरे कडेने पळत जातात. वाचता येणाऱ्यास त्याचे काही वाटत नाही. पण पाटीवरून वाचावयास शिकणाऱ्याच्या हातातून त्यांनी पाटीच काढून घेतली आहे.

तर अशा या बाई धड्यांपैकी 'ल' या अक्षरापाशी आल्या आणि अडल्या. पडद्यावर लसणाचे चित्र होते, आवाजही स्पष्ट येत होता, पण अक्षर त्यांना ओळखू येईना. पुष्कळ वेळ न्याहाळून त्या म्हणाल्या, "सर, ह्यो ल आपला नाय. पोलादपुराचा ल असा नसतो." मी पाहिले तर त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मराठी हाताच्या सवयीचा ल म्हणजे शिरोरेषेखाली दोन पाकळ्या लोंबत असलेला. धड्यातला ल हिंदी वळणाचा होता, उजवीकडच्या उभ्या दंडाला टेकून बसलेला. तुम्हांआम्हांला हे दोन्ही ल इतके परिचित आहेत की त्यांत काही भेद आहे हे सांगितल्याशिवाय ध्यानातही येत नाही. ज्याला चाळीस अक्षरे नव्याने शिकावयाची आहेत त्याला मात्र ती एकेचाळीस झाली. आणि ज्या एका अक्षराच्या ओळखीवर बाईंचा सारा धीर विसंबून होता, नेमके तेच परके निघाले.

हा दोष कोठून येतो हे समजून घेतले म्हणजे तो दूर करणे किती सोपे आहे हेही कळते. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमालेसंबंधी जो निर्णय काढला त्यात ल आणि श यांची मराठी वळणे नक्की केलेली आहेत, आणि शाळेतील मुले तीच गिरवितात. संगणकातील कित्येक नागरी फॉन्टांत दोन्ही वळणे साठविलेली असतात. कोणते दाखवावयाचे हे यंत्र कसे ठरविते? पानाच्या पोटात, वाचणाऱ्यास न दिसणाऱ्या जागी, हा मजकूर अमुक भाषेचा आहे अशी एक खूण करावयाची असते. मराठीसाठी ती रोमन लिपीतल्या एम आणि आर या दोन अक्षरांची आहे. ती खूण केली आणि फॉन्ट जाणत्या हातचा असला, तर पाकळ्यांचा ल आपण होऊन येतो. ती न केल्यास यंत्र आपल्याला ठाऊक असलेले पहिले वळण पुढे करते. म्हणजे दोन अक्षरे लिहिण्याचा कंटाळा, आणि त्यापायी एक अक्षर परके.

दुसरे उदाहरण याहून गमतीचे आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात र चा रफार होऊन तो य च्या डोक्यावर चढतो. दुसऱ्यात तो आडव्या लहानशा कोयत्यासारखा य च्या अंगाला बिलगतो. ही दुसरी खूण हिंदी लेखनात लागत नाही. मराठीला मात्र तिच्यावाचून चालत नाही. आचार्यांना बोलाविले तर व्याख्यान होते आणि आचाऱ्यांना बोलाविले तर जेवण. यंत्रावर हा र निराळ्या किल्लीने उमटवावा लागतो. धडा जुळविणाऱ्याने ती किल्ली शोधण्याचे श्रम घेतले नाहीत, म्हणजे पोलादपूरच्या मुलाला त्याच्या घराभोवती दर्या आहे असे वाचावे लागते, आणि रायगडाच्या पायऱ्यांचे काय होते ते वाचकांनीच उच्चारून पाहावे. आमच्या जिल्ह्यात दर्याही आहे आणि दऱ्याही आहेत. पण मुंबईच्या दिशेचा दर्या आंबेनळी घाटाखाली आणून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही फॉन्टाला नाही.

असे आणखीही पुष्कळ सांगता येईल. इंग्रजी अक्षरांना डोक्यावर फारसे काही वाहावे लागत नाही आणि पायाशीही थोडेच. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार, ऋकार. इंग्रजी पानासाठी ओळींत जे अंतर ठेवतात तेच मराठीस ठेवले, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, किंवा चौकटीच्या काठावर मात्रेची टोकेच छाटली जातात. इंग्रजी शीर्षक शोभिवंत करण्यासाठी अक्षरे थोडी दूर दूर मांडतात; तीच युक्ती नागरीवर चालविली की शिरोरेषेचे तुकडे होतात, आणि शब्द कोठे संपला हे ओळखण्याचे नवशिक्याचे एकुलते साधन नाहीसे होते. कधी वेलांटीला बसावयास अक्षरच मिळत नाही. मग यंत्र तिच्याशेजारी ठिपक्यांचे एक वर्तुळ मांडून मोकळे होते. शिकणारा ते नवे अक्षर समजून गिरवू लागला तर दोष कोणाचा?

या तक्रारी ऐकून कोणी म्हणेल की यंत्र म्हटले म्हणजे असे चालावयाचेच. पण आपल्या लिपीचा इतिहास असे म्हणू देत नाही. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग काढले, ते साधने हाताशी नसताना, खटपट करून. जावजी दादाजींनी १८६४ साली अक्षरे पाडण्याचा कारखाना काढला, आणि पुढे 'निर्णयसागर'च्या टाइपाचा लौकिक देशभर झाला. शिशाच्या खिळ्यांच्या त्या काळात नागरीचा एक संच म्हणजे कित्येक शेकडे निरनिराळे तुकडे. जुळाऱ्याचे पेटीभोवती फिरून पाय दुखत. पुढे टंकयंत्र आणि लायनोटाइप आले तेव्हा यंत्राच्या मर्यादेत मावावे म्हणून लिपीनेच आपले अवयव आखडून घ्यावेत, असा विचार बळावला. सावरकरांनी अ ची बाराखडी सुचविली आणि काही नियतकालिकांनी तशी छपाई केलीही. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटीची जागा डावीकडून उजवीकडे नेली, आणि थोड्याच वर्षांत ती वेलांटी पूर्वस्थळी परतली. त्या सुधारकांना हसण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढील अडचण खरी होती. आज ती अडचण उरलेली नाही. यंत्र आता कोणताही आकार, कोणतेही जोडाक्षर उमटवू शकते. आमच्या पिढीने संगणकावर प्रथम जी नागरी सर्रास पाहिली ती 'मंगल' या फॉन्टाची, आणि तो र. कृ. जोशी यांच्यासारख्या कवी व अक्षरकार असलेल्या मराठी माणसाने घडविला होता. ज्या वेळी यंत्र दुबळे होते त्या वेळी माणसांनी लिपीसाठी जिवाचे रान केले. यंत्र समर्थ झाले तेव्हा आपण दुर्लक्ष करावे, हे मला चमत्कारिक वाटते.

अक्षराइतकाच चित्राचा प्रश्न नाजूक आहे. चित्राच्या साहाय्याने भाषा शिकविण्याची कल्पना योहान कोमेनिअस या मोराव्हियन शिक्षकाने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आणली. एकेका विषयाचे चित्र, चित्रातील वस्तूंना आकडे, आणि त्याच आकड्यांनी लॅटिन व जर्मन शब्द त्याशेजारी. मुलाच्या डोळ्यांनी वस्तूवरून शब्दावर आणि शब्दावरून वस्तूवर बिनचूक जावे, एवढाच त्या आकड्यांचा उद्देश. चित्र सुंदर असावे की नाही हा पुढचा प्रश्न. ते एकाच वस्तूचे आहे आणि त्या वस्तूला शिकणाऱ्याच्या तोंडी एकच नाव आहे, हे आधी पाहिले पाहिजे. आपल्या अंकलिपीतला ठ चा ठसा पाहून ठसा म्हणणारे मूल मला अद्याप भेटावयाचे आहे. ते आपले लाकडाचा ठोकळा म्हणते, आणि ठोकळ्यातही ठ असल्यामुळे अब्रू बचावते. उखळ आणि ऐरण आता घरात व गावात दिसत नाहीत. भ चा भटजी, य चा यज्ञ आणि क्ष चा क्षत्रिय ही परंपरा तर महाडात बसून पाहताना अधिकच डोळ्यांत भरते. सगळी बाराखडी एकाच आळीत राहावयास गेली आहे की काय, असे वाटते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, चित्र कोणासाठी आहे त्यावर त्याचे काम बदलते. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली मराठी शाळा भरतात आणि तेथील मुले घरी पडद्यावर अभ्यास करतात. तशा मुलापुढे फणसाचे चित्र आले तर त्याला वस्तूही नवी, शब्दही नवा आणि अक्षरही नवे. त्याला फणस आतून कसा, झाडाच्या खोडालाच कसा लगडतो, हे सारे चित्राने सांगावयास हवे. आमच्या बाईंनी फणस हजार वेळा फोडला आहे. त्यांना त्या चित्रातून केवळ 'फ' हवा असतो, आणि म्हणून चित्र लहान व अक्षर मोठे पाहिजे. पहिल्याला शब्दाची ओळख करून द्यावयाची, दुसरीला ओळखीच्या शब्दातून अक्षर सोडवून द्यावयाचे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे हा अध्यापनाचा जुना नियम. पण शिकणाऱ्याला काय ज्ञात आहे हेच न विचारता एकच पान दोघांपुढे ठेवले तर नियम बिचारा काय करील? बाईंच्या धड्यात प्रत्येक बरोबर उत्तरावर चांदण्या उधळत आणि एक अस्वल टाळ्या वाजवी. मुलाला त्यात मौज वाटेल. बाई पहिल्या दिवशी हसल्या; तिसऱ्या दिवशी त्यांनी मोबाइल उपडा ठेवला. बाळबोध याचा अर्थ शिकणाऱ्याला बाळ समजणे असा नव्हे.

पडद्यावरील पानाला आणखी एक गुण हवा, आणि तो नकाशावर डोंगर पाहिल्यावाचून सुचत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा धडे मोबाइलवरून जाऊ लागले. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर मोबाइलला रेंज मिळावी म्हणून माणसे एखादा विशिष्ट दगड, एखादा विशिष्ट आंबा ठरवून ठेवीत असत. अशा दगडावर उभे राहून उघडावयाचे पान हलके हवे. हलत्या चित्रांनी आणि संगीताने जड झालेला धडा अर्ध्यावर फिरत राहतो आणि शिकणाऱ्याचा पैसा व धीर दोन्ही खातो. साधी अक्षरे आणि रेघांची चित्रे असलेले पान मात्र येऊन पोहोचते. पुढल्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले आणि त्याच दिवशी तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दुःखापुढे पुस्तकांचे नाव घेणेही संकोचाचे आहे. तरी पाणी ओसरल्यावर गावातल्या रस्त्यांवर वह्या-पुस्तकांच्या लगद्याचे जे ढीग पडले होते, ते पाहिलेल्या कोणासही पडद्यावरचे पुस्तक ही चैन आहे असे म्हणवणार नाही. ते उरते. म्हणूनच ते चांगले असावयास हवे.

कागद झिजला तरी अक्षर राहावे यासाठी समास सोडण्याचा जो उपदेश आहे, त्याला या नव्या पानावर काही अर्थ उरतो का, असा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला. काच झिजत नाही. पण बाईंना वाचताना पाहून उत्तर मिळाले. त्या मोबाइल डाव्या हातात धरतात आणि उजव्या अंगठ्याने पान वर सरकवितात. मजकूर काठापर्यंत भिडलेला असला की ओळीचे शेवटले अक्षर अंगठ्याखाली जाते, आणि नकळत भलतेच बटण दाबले जाऊन धडा नाहीसा होतो. कडेला बोटभर जागा सोडलेली असेल तर अंगठा तेथे विसावतो. जो अंगठा इतकी वर्षे शाईत बुडवून कागदावर टेकविला, त्याच अंगठ्याने आता पान उलटावयाचे आहे. तेवढी जागा त्याच्यासाठी सोडली पाहिजे.

हे धडे तयार करणाऱ्यांना काही सांगण्याचा अधिकार मला असलाच, तर तो एका बाजूला बसून पाहिल्याचा आहे. त्यांनी नवे रंग शोधण्यापूर्वी एक दिवस अशा कोणाच्या शेजारी गप्प बसावे, ज्याला अद्याप वाचता येत नाही. काही समजावून सांगू नये. डोळा कोठे थांबतो, बोट कोठे मागे येते, ओठ कोणत्या अक्षरापाशी मिटतात, एवढेच पाहावे आणि घरी जाऊन ती जागा दुरुस्त करावी. त्या विद्यार्थ्याने बाईंसाठी पुढे असेच केले. चांदण्या आणि अस्वल काढून टाकले, पाकळ्यांचा ल आणला, अक्षर मोठे केले, आणि पहिल्या धड्यात अननसाऐवजी एसटीच्या पाट्यांवरची गावे घातली. बाईंची गाडी सध्या जोडाक्षरांपर्यंत आली आहे. मुलाचा निरोप त्या स्वतः वाचतात, सावकाश, बोट ठेवून. आणि त्याने घाईत 'दऱ्या' चा 'दर्या' केला असला तर त्याला फोन करून विचारतात.